नावाची जागा कोरी

१२ जानेवारी

विहीणबाई,

मायना वाचून दचकू नका. तुम्हाला काय म्हणावं या विचारात माझे दोन दिवस आणि तीन कागद वाया गेले. आपल्या भाषेत बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला शब्द आहे, नवऱ्याच्या भावाच्या बायकोला शब्द आहे. पण जिची किडनी माझ्या नवऱ्याच्या पोटात आणि जिच्या भावाच्या पोटात माझी, अशा बाईला शब्द नाही. खोटं कशाला बोलू, एकदा 'सवत' हा शब्दही डोक्यात येऊन गेला. मग म्हटलं, आपण दोघींनी एकेक घराबाहेर दिली आणि एकेक घरात घेतली. याला साटंलोटं म्हणतात. तेव्हा आपण विहिणी.

फोन करत नाही, कारण मी फोन उचलला की आमचे हे कान टवकारून शेजारी येऊन बसतात, आणि दवाखान्यात शेजारच्या खाटांवर आपण जे बोलायचो ते ह्यांच्यासमोर बोलण्यासारखं नाही.

मला अजून त्या दिवसाचं हसू येतं. माझी ह्यांना चालत नाही, तुमची तुमच्या दादांना चालत नाही, तर मग अदलाबदल करा, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा मला आमच्या दुकानातली गोष्ट वाटली. दोन गिऱ्हाइकांचे ब्लाउज चुकून बदलले गेले आणि दोघींनाही बसले. पण चौघांची ऑपरेशनं एकाच मिनिटाला का, असं विचारलं तर ती कागदपत्रं बघणारी बाई काय म्हणाली? एकीचं आधी झालं तर दुसरी ऐनवेळी पळून जाते म्हणे. केवढं मोठं दान म्हणून आरडाओरडा करायचा, आणि दात्यावर पाळत ठेवायची!

आता कामाचं. माझी किडनी लाडात वाढलेली आहे. सकाळी उठल्या उठल्या तिला दोन पेले पाणी लागतं. वरून मीठ घेतलेलं तिला खपत नाही. दादा पुढं बस चालवायला लागले की म्हणावं खड्डे बघून चालवा, आत पाहुणी आहे.

तुमची मात्र आमच्याकडे आल्यापासून ह्यांना भलतीच शिस्त लागली आहे. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. बाटल्यांवर तारखा. तुमचं हरवलेल्या वस्तूंचं ऑफिस माझ्या स्वयंपाकघरात उघडलंय. माझ्या कात्रीला नंबर मिळालाय, सतरा.

माझी नीट नांदतेय ना, तेवढं कळवा.

तुमची विहीण


२० जानेवारी

विहीणबाई,

मायना मंजूर. तुमचं पत्र डेपोच्या पत्त्यावर आलं. माझ्या टेबलावर येतं ते सगळं हरवलेलंच असतं, त्यामुळे सवयीने मी ते नोंदवहीत चढवलं: एक पाकीट, निळी शाई, मालक अज्ञात. मग पाहिलं तर मालक मीच.

आधी आळ काढून टाकते. माझ्या किडनीने तुमच्या घरात शिस्त आणलेली नाही. डॉक्टरांनी तुमच्या ह्यांना पाणी, गोळ्या, लघवी सगळं लिहून ठेवायला सांगितलं असणार. माणसाला एकदा लिहायची सवय लागली की तो कात्रीलाही सोडत नाही. आमच्या घरी येऊन बघा, मला दोन मोजे एका रंगाचे सापडत नाहीत.

दादा चांगला आहे. डायलिसिसच्या मशीनवर होता तेव्हा दिवसाला तीन पेले पाणी, तेही मोजून, आणि उन्हाळ्यात बर्फाचा खडा चोखत बसायचा. आता पाण्याचा अख्खा जग तोंडाला लावतो. ड्रायव्हर माणूस, पण एवढा बोलका कधी नव्हता. कंडक्टर, मेकॅनिक, कोणी भेटायला आला की त्याच्यासमोर पाणी पिऊन दाखवतो. मी तेव्हा खोलीतून बाहेर जाते. त्याचा आनंद मला बघवत नाही, म्हणजे फार होतो.

दानाबद्दल तुम्ही लिहिलंत, त्यावर मी जरा विचार केला. मी रोज लोकांना त्यांच्या छत्र्या देते. कोणी आभार मानत नाही. उलट काडी आधीच मोडली होती का ते निरखून बघतात. तीच छत्री मी माझी म्हणून दिली असती तर डोळे भरून आले असते. परत दिलं की नोकरी, दिलं की उपकार. छत्री तीच, पाऊस तोच.

तुमची नीट नांदते आहे. दोन पेल्यांची सूचना पोचवली आहे.

तुमची विहीण


४ फेब्रुवारी

विहीणबाई,

परवा आमच्या इमारतीच्या मंडळाने माझा सत्कार केला, आणि एक गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

फलकावर होतं, 'पतीला जीवनदान देणाऱ्या रणरागिणीचा सत्कार'. फलक आमच्या ह्यांनीच रंगवला. मी म्हटलं, अहो, तुम्हाला मी कुठं दिली? तर म्हणाले, मजकूर मंडळाचा, माझं फक्त अक्षर.

मंडळाचे अध्यक्ष म्हणजे आमचे भाऊजी. ह्यांचे सख्खे धाकटे भाऊ, दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्याबद्दल दवाखान्यात तुम्हाला सांगितलं नव्हतं, लाज वाटली. त्यांचा रक्तगट असा आहे की तो जगात कोणालाही चालतो. ह्यांना किडनी हवी असं कळलं त्याच आठवड्यात त्यांना चक्कर यायला लागली, आणि तीही नेमकी आमच्या दारासमोर. तपासणीची तारीख घेतली की हे परगावी. शेवटी मी विचारणं सोडलं. ते भाऊजी परवा चाळीस मिनिटं बोलले, आणि 'त्याग' हा शब्द मी मोजला, अकरा वेळा आला. मला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं.

मी उठून सांगायला हवं होतं की माझी एका बसड्रायव्हरच्या पोटात आहे आणि ह्यांना वाचवलं ते तुम्ही. तोंड उघडलंही होतं. पण टाळ्या चालू होत्या. विहीणबाई, तीस वर्षं मी लोकांचे खांदे आणि कंबरा मोजतेय. माझं माप आजवर कोणी घेतलं नव्हतं. मी गप्प बसले.

रागावू नका. घड्याळ दोन मिनिटं पुढं आहे.

तुमची विहीण


१५ मार्च

विहीणबाई,

पत्राला उशीर झाला. ऑफिसात सामान फार साचलंय. सत्काराबद्दल रागावण्यासारखं काही नाही, टाळ्या चालू असताना कोणीच बोलत नाही.

दादा ठीक. तुमचीही ठीक.

तुमची विहीण


२२ मार्च

विहीणबाई,

हे काय पत्र झालं? तार करतात तशी! एवढ्याशा चिठ्ठीत मला माझ्या लेकीची खुशाली कळायची कशी?

ते जाऊ दे. येत्या रविवारी आम्ही दोघं येतोय. तिला बघायचंय. हसू नका, बाहेरून काही दिसत नाही हे मला माहीत आहे. दादांसाठी एक शर्ट शिवलाय. उजवीकडे ओटीपोटापाशी दोन बोटं कापड जास्त सोडलंय, तिला दाटायला नको. हे म्हणाले, बाहेरून ओळखू येईल. मी म्हटलं, माझी शिलाई आहे, नाही येणार.

तुमची विहीण


२६ मार्च

विहीणबाई,

रविवारी जरूर या, पण आधी हे वाचा.

तुमची किडनी अकरा आठवडे चालली. सात मार्चला थांबली. दादाच्या शरीराने तिला परकी ठरवलं. औषधं वाढवली, बदलली, आठ दिवस दवाखान्यात ठेवलं, तरी शरीर ऐकेना. तो पुन्हा आठवड्यातून तीन दिवस मशीनवर जातो. डॉक्टर म्हणतात, हातांच्या शिरा आधीच थकल्यात, मशीन त्या फार तर वर्षभर सोसतील. त्याच्या आत दुसरी मिळाली तर बरं. मिळाली नाही तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पंधरा तारखेचं पत्र मी खोटं लिहिलं. तुम्हाला नुकतंच ते घड्याळ मिळालं होतं. त्याच्यावर हे कुठं लिहू, असं झालं.

तुम्ही विचाराल म्हणून सांगते, बंद पडलेली काढत नाहीत. तशीच आत राहू देतात.

यात तुमचा काही दोष नाही. तुमच्या ह्यांच्या आत माझी चालली आणि माझ्या भावाच्या आत तुमची चालली नाही, यात कोणाचाच काही गुण नाही. हे वाक्य मी चार वेळा लिहून पाहिलं. अजून मला ते पुरतं पटलेलं नाही, पण खरं आहे.

तुमची विहीण


२ एप्रिल

विहीणबाई,

आम्ही रविवारी आलो नाही. मला तोंड दाखवता येईना. तुमचा रागही आला. माझी लेक गेली आणि आठ दिवसांनी मला 'ठीक' लिहिता!

माझ्या दुकानात तीस वर्षं एक पाटी आहे: बसलं नाही तर परत आणा, दुसरं शिवून देऊ. एकीलाही मी कधी तसंच परत पाठवलं नाही. सोमवारी मी डॉक्टरांकडे गेले आणि म्हटलं, दुसरी काढा. ते म्हणाले, बाई, मग तुम्ही कशावर जगणार? मी म्हटलं, ते माझं मी बघीन. त्यांनी ह्यांना फोन करून मला घेऊन जायला बोलावलं.

शर्ट पोस्टाने पाठवतेय. त्या दोन बोटांची जागा उसवून आत घ्यायला बसले होते. मग नाही घेतली.

तुमची विहीण


११ एप्रिल

विहीणबाई,

शर्ट बसला. दादा तो मशीनच्या दिवशी घालतो, कारण त्याची बाही वर सरकते. तुमचं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "त्यांना लिही, अकरा आठवडे मी पोटभर पाणी प्यायलो. कोण देतं एवढं?" मग बर्फाचा खडा मागितला.

तेव्हा पाटी उतरवा आणि शांत बसा. आणि कृपा करून माझ्या भावासाठी दारोदार जाऊ नका. तुम्ही जाणार, हे मला माहीत आहे.

तुमची विहीण


२० मे

विहीणबाई,

गेले.

आमच्या इमारतीत बावीस घरं. बावीसही घरांनी माझ्या सत्काराला टाळ्या वाजवल्या होत्या, म्हणून म्हटलं सुरुवात तिथूनच करावी. तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर तत्त्वतः तयार आहेत. मेल्यावर. मी म्हटलं, तोवर आमचा माणूस थांबायचा नाही. तर म्हणाले, मलाही घाई नाही. गच्चीवर रोज तासभर व्यायाम करणारे आहेत, त्यांचं म्हणणं शरीर हे निसर्गाने दिलेलं आहे, ते जसंच्या तसं परत करायचं असतं. समोरच्या बाईंनी मात्र एका शब्दात होकार दिला. नवऱ्याची किडनी देते म्हणाल्या. नवरा आत आंघोळ करत होता, त्याने पटकन नळ बंद केला. एकाने विचारलं, हा माणूस आपल्यातला आहे का? मी म्हटलं, माझी अकरा आठवडे त्याच्या आत राहिली, तिने तशी काही तक्रार केली नाही.

यात सगळं बाहेर आलं. मी ह्यांना दिलीच नव्हती, हे कळल्यावर मंडळाची तातडीची सभा भरली. विषय एकच: मग आपण सत्कार कशाचा केला? हेडमास्तर म्हणाले, अनोळखी माणसाला देणं हे नवऱ्याला देण्यापेक्षा मोठं. दुसरे म्हणाले, मोठं असेल, पण फलकावर तसं नव्हतं, आणि शिवाय ती चालली कुठं? दोन तास चर्चा. ठराव असा झाला की घड्याळ तूर्त माझ्याकडे राहू द्यावं, पण भिंतीवर लावू नये.

मी रडत घरी आले. ह्यांचं कामाचं एक तंत्र आहे, ते तुम्हाला माहीत नसेल. फलकावरचा जो मजकूर बदलायचा नाही तो आधी रंगवून ठेवतात आणि नावाची जागा कोरी सोडतात. नाव आलं की दहा मिनिटांत काम पुरं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी एक फलक करायला घेतला. आठ फूट लांब, निळ्यावर सोनेरी. 'एका अनोळखी जिवाला नवा जन्म देणारे थोर दाते', मग हातभर कोरी जागा, मग 'यांचा भव्य नागरी सत्कार'. आणि तो वाळायला ठेवला पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर.

भाऊजी तिथून दिवसाला चार वेळा जातात.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "कोण रे हा?" हे म्हणाले, "नाव अजून आलं नाही." दुसऱ्या दिवशी, "पेपरवाले येणार का?" "येतील की." तिसऱ्या दिवशी ते नुसते उभे होते. काल खाली आले आणि म्हणाले, "इथं अक्षरं किती बसतात रे?"

तुमची विहीण


१ जून

विहीणबाई,

तुमचे हे रंगारी आहेत की शिकारी?

मी दोन दिवस अस्वस्थ आहे. माणसाच्या पोटातला अवयव असा फलकाला लावून ओढून काढायचा, हे बरोबर आहे का? दादाला विचारलं. तो इतका हसला की मशीनच्या नळीला हिसका बसून नर्स ओरडली.

मग मला ऑफिसातली एक गोष्ट आठवली. मागच्या वर्षी एक बाई सीटखाली सापडलेली पिशवी घेऊन आल्या. पिशवी टेबलावर ठेवायच्या आधी विचारलं, प्रामाणिकपणाचं प्रमाणपत्र मिळतं का? मी म्हटलं, नाही. त्या पिशवी परत घेऊन निघाल्या. मी धावत जाऊन त्यांना थांबवलं, ऑफिसच्या कागदावर चार ओळी लिहिल्या, खाली छत्र्यांच्या पावत्यांवर मारतो तो शिक्का मारला. त्या खूश. आत एका म्हाताऱ्याची वर्षभराची औषधं होती, ती त्याला मिळाली. औषधांना काय माहीत त्यांना कोणी आणि कशासाठी आणलं.

तरी मला भाऊजींची तिथं अक्षरं मोजत उभी असलेली आकृती डोळ्यांपुढून जात नाही. कळवत राहा.

तुमची विहीण


१८ जुलै

विहीणबाई,

भाऊजी देताहेत. तपासण्या झाल्या, सगळं जुळलं. गडी घोड्यासारखा ठणठणीत आहे, एकदाही चक्कर आली नाही. दवाखान्याच्या समितीने त्यांना तीनदा बोलावून खोदून खोदून विचारलं, पैसे घेतलेत का? कोणी कबूल केलेत का? घर, जमीन, नोकरी? ते छातीवर हात ठेवून नाही म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं. टाळ्या घेतल्यात का, असं कोणी विचारलं नाही. तो रकाना अर्जात नाही.

पण काल ते आमच्याकडे आले आणि खुर्ची ओढून माझ्या शिलाईच्या मशीनसमोर बसले. एक अट आहे म्हणाले. सत्काराचं मुख्य भाषण मी करायचं. आणि त्यात सांगायचं की भाऊजी स्वतःच्या भावाला किडनी द्यायला पहिल्या दिवसापासून तयार होते. मीच हातापाया पडून ती संधी त्यांच्याकडून मागून घेतली. "लोक कुजबुजतात, वहिनी," म्हणाले. "परक्याला देतो आणि भावाला का नाही दिली म्हणून. तेवढं एकदा तुमच्या तोंडून स्वच्छ झालं की मी मोकळा."

विहीणबाई, ह्यांनी मशीनवर चौदा महिने काढले. मी ह्यांना धरून जिना चढवायचे तेव्हा आमच्या पावलांचा आवाज आला की दुसऱ्या मजल्यावरचं दार लागायचं. आतून कडी घातलेली ऐकू यायची. हे तिथं थांबून दम घ्यायचे आणि त्या दाराकडे न बघता वर चढायचे. आणि मी चारचौघांत सांगू की तो तयार होता?

एकदा चिरून घेतलंय. हवं तर पुन्हा चिरा म्हणावं. पण हे माझ्या तोंडून निघायचं नाही.

तुम्हीच सांगा मी काय करू.

तुमची विहीण


२५ जुलै

विहीणबाई,

मी सांगणार नाही. भाऊ माझा आहे, तेव्हा मी 'हो म्हणा' असंच लिहीन, आणि म्हणूनच लिहीत नाही. डाव्या हाताची शीर गुरुवारी बंद पडली, आता मानेतून नळी घातली आहे. हेही लिहायला नको होतं. पण मागच्या वेळी 'ठीक' लिहिलं तर तुम्ही रागावलात.

तुमची विहीण


१ ऑगस्ट

विहीणबाई,

शब्द दिला. तारीख ठरली की कळवा.


९ सप्टेंबर

विहीणबाई,

चालली!

टाके घालायच्या आधीच लघवीचे थेंब यायला लागले, असं सर्जन म्हणाले. दुसऱ्या दिवशी दोन बाटल्या, तिसऱ्या दिवशी मोजायचं थांबवलं. डॉक्टर म्हणतात इतकी कामसू किडनी त्यांनी पाहिली नाही. तुम्ही एवढ्या मायेने दिलीत ती रुसली, आणि ही जिन्यातल्या पाटीसाठी दिलेली, बैलासारखी राबतेय. याचा अर्थ लावायचा मी सोडून दिला आहे. तुम्हीही लावू नका.

भाऊजींना भेटले. त्यांनी मला आशीर्वाद दिला आणि पेपरच्या फोटोत उजवीकडे उभं राहायला सांगितलं. मी त्यांचे आभार मानले. मनापासून मानले, विहीणबाई. मनात हसू पण येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. दोन्ही एकाच वेळी होतं, हे मला माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी दादाला तीन महिने गर्दीत जायला मनाई केली आहे, त्यामुळे आम्ही सत्काराला नाही. तुमच्या मंडळाचा फोन आला होता, रुग्ण नसेल तर शोभा येणार नाही म्हणून.

एक लिहिते आणि पुन्हा कधी लिहिणार नाही. किडनी आता इकडे आहे. ती कोणी परत नेऊ शकत नाही. तुम्ही भाषणात काहीही बोललात, किंवा गेलाच नाहीत, तरी दादाचं काही बिघडणार नाही. मी तुम्हाला एका शब्दानेही विचारणार नाही.

तुमची विहीण


३ ऑक्टोबर

विहीणबाई,

तुमचं पत्र मी सत्काराच्या दिवशी सकाळी पुन्हा वाचलं. ते वाचून घरी बसायचं ठरवलं. पदर नीट केला, दाराला कुलूप लावलं आणि हॉलवर गेले. कसं ते मला विचारू नका.

फलक मधोमध. भाऊजींना नावाआधी पदवी हवी होती आणि नावामागे अध्यक्षपद, त्यामुळे हातभर जागेत अक्षरं नुसती खेटून बसली होती. हेडमास्तर होते, व्यायामवाले पुढच्याच रांगेत. समोरच्या बाई नवऱ्यासह, आणि तो अजून माझी नजर चुकवतो. पेपरवाले दोघे आले.

माझं नाव पुकारलं. सगळं पाठ केलं होतं. ह्यांच्याकडे बघायचं नाही, असं बजावलं होतं स्वतःला, आणि पहिल्याच वाक्याला बघितलं. हे मागे भिंतीला टेकून उभे होते, बोटांना अजून सोनेरी रंग.

मी म्हटलं, आमचे भाऊजी पहिल्या दिवसापासून तयार होते. म्हटलं, रोज वर येऊन विचारायचे, वहिनी, कधी जायचं तपासणीला? म्हटलं, मीच हातापाया पडले, की मला देऊ द्या. ठरल्यापेक्षा जास्तच बोलले. एकदा टाका घातला की मला अर्धवट सोडता येत नाही. पहिली दिली तेव्हा भूल दिली होती, विहीणबाई. या वेळी मी पूर्ण शुद्धीवर होते, आणि सगळं लागलं.

लोक उभे राहिले. भाऊजी रडत होते. नाटक नव्हतं ते, खरे रडत होते. त्यांना आता ते सगळं खरंच वाटतंय; काल खाली भेटले तर मलाच म्हणाले, "आठवतं ना वहिनी, मी किती मागे लागलो होतो?" मी हो म्हटलं.

कार्यक्रम संपल्यावर हे माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी मनाशी म्हटलं, याचा मोबदला आता हा. कडीचा आवाज ह्यांनी ऐकलाय, मी एकटीने नाही. ह्यांच्यादेखत मी तो पुसून टाकला. जिना चढताना हे दुसऱ्या मजल्यावर थांबले. आता दम लागत नाही, तुमची मजबूत आहे, तरी थांबले. दार बंद होतं, आत पाहुण्यांचा गलका चालला होता. हे पहिल्यांदा त्या दाराकडे बघून उभे राहिले.

मी म्हटलं, "चुकलं माझं."

हे म्हणाले, "नाही गं. तू बोलत होतीस तेव्हा मला क्षणभर खरंच वाटलं, की तो वर यायचा, विचारायचा. बरं वाटलं ऐकून."

तुमची विहीण